वाचनालयातले गाणे

आम्ही तेव्हा सातवीत होतो. दिवाळी होऊन गेली होती. भात झोडून झाले होते. वडील पेंढ्याचे राहिलेले पैसे आणायला कल्याणला निघाले, तेव्हा आम्हीही हट्ट करून त्यांच्याबरोबर निघालो. मुरबाडहून एसटीने गेलो. पैसे हातात पडेपर्यंत दिवे लागले. परतीच्या गाडीला वेळ होता. म्हणून दोन दोन भजी खाऊन आम्ही बापलेक रस्त्याने हिंडत राहिलो.

हिंडता हिंडता एका इमारतीपाशी वडील थबकले. आतून गाणे ऐकू येत होते. कोणी बुवा अभंग गात होते. साथीला पखवाज होता. आमचे वडील गावच्या भजनात पखवाज वाजवीत. त्यांची बोटे आपोआप मांडीवर चालू झाली.

ती इमारत वाचनालयाची होती. दाराशी काळा फलक होता. त्यावर खडूने चार ओळी लिहिलेल्या. वडिलांना अक्षर येत नव्हते. ते म्हणाले, "वाच रं, काय लिवलंय." आम्ही छाती फुगवून वाचले. "अभंगगायन. सायंकाळी ७ वाजता. प्रवेश विनामूल्य." अक्षरे सगळी ओळखीची होती. पण 'विनामूल्य' हा शब्द आम्ही जन्मात ऐकला नव्हता. 'मूल्य' म्हणजे किंमत, एवढे गणिताच्या पुस्तकामुळे ठाऊक होते. आम्ही ऐटीत सांगितले, "बाबा, आत जायला मूल्य द्यावं लागतं."

"किती?"

"तेवढं लिवलं नाय."

वडिलांनी कमरेची पिशवी चाचपली. त्या पैशांना घरी वाटा फुटलेल्या होत्या. दुकानदाराची उधारी होती, सोसायटीचा हप्ता होता. ते म्हणाले, "नको. हितूनच ऐकू." मग गाणे संपेपर्यंत आम्ही दोघे खिडकीखाली, गटाराच्या कडेला उभे राहिलो. दारातून माणसे खुशाल आतबाहेर करीत होती. कोणी पैसे देत नव्हते. ते आम्हांला दिसत होते, पण कळत नव्हते.

पुढे आठवीत गेल्यावर एक दिवस गुरुजींनी फळ्यावर 'विना' हा शब्द लिहिला. विना म्हणजे शिवाय. विनाकारण म्हणजे कारणाशिवाय. विनामूल्य म्हणजे पैशांशिवाय, फुकट. वर्गात बसल्या जागी आमची कानशिले तापली. वडिलांना हे सांगायला आम्हांला कितीतरी वर्षे लागली. सांगितले तेव्हा ते हसले. म्हणाले, "खिडकीखालून पखवाज झ्याक ऐकू येत व्हता." ते आता नाहीत. वाचनालयाच्या आत बसून गाणे ऐकणे त्यांना कधी घडले नाही.

म्हणून मंडळी, या धड्याची सुरुवात आम्ही त्या फलकापासून करतो. तुम्ही आता वाचायला शिकला आहात. पण फलकावरचे शब्द घरात बोलायचे शब्द नसतात. ते मुद्दाम ओळखून ठेवावे लागतात.

'प्रवेश' म्हणजे आत जाणे. 'प्रवेश विनामूल्य' किंवा 'विनामूल्य प्रवेश' म्हणजे आत जायला पैसे नाहीत. 'सर्वांसाठी खुला' असे लिहिले असेल, तर सभासद नसलेल्यानेही यावे. तुमचे नाव, गाव, जात, शिक्षण कोणी विचारणार नाही. 'प्रवेशिका' म्हणजे आत जाण्याची चिठ्ठी. 'देणगी प्रवेशिका' असे असेल, तर मात्र सावध व्हावे. नाव देणगीचे असले, तरी ते तिकीटच असते. त्याखाली रुपयांचा आकडा असतो, तो वाचावा. पण नुसते 'विनामूल्य प्रवेशिका वाचनालयात मिळतील' असे असेल, तर चिठ्ठी फुकट आहे. फक्त ती आधी जाऊन आणावी लागते, नाहीतर जागा भरून जाते. 'प्रथम येणाऱ्यास प्राधान्य' म्हणजे जो आधी येईल तो बसेल. हा नियम आपल्याला चांगला. आपण एसटीच्या भीतीने नेहमी तासभर आधीच पोचतो. 'काही रांगा राखीव' म्हणजे पुढच्या दोनचार रांगा पाहुण्यांसाठी ठेवल्या आहेत. त्या सोडून कुठेही बसावे. फक्त 'निमंत्रितांसाठी' असे लिहिले असेल, तर तो कार्यक्रम बोलावलेल्या माणसांचा आहे. त्या दिवशी दुसरीकडे जावे.

एवढे सात-आठ शब्द वहीत लिहून ठेवा. आम्हांला त्यातला एक येत नव्हता.

आता तुम्ही विचाराल, वाचनालय म्हणजे पुस्तकांची जागा. तिथे गाणे कशाला? आमच्या वर्गातल्या एका काकांनी हाच प्रश्न विचारला. "गुरुजी, वाचनालयात बोललं तर गप बसा म्हणतात. मंग तिथंच गाणं कसं काय चालतं?"

प्रश्न बरोबर आहे. वाचायच्या खोलीत गप्पच बसायचे असते. गाण्यासाठी बहुतेक मोठ्या वाचनालयांत वेगळा दिवाणखाना असतो, त्याला सभागृह म्हणतात. पण खरे उत्तर निराळे आहे. आपल्याकडे पुस्तक आणि गाणे ही कधी वेगळी नव्हतीच. चातुर्मासात देवळात पोथी लागते. हरिविजय असो की पांडवप्रताप, एक जण वाचतो आणि सगळा गाव ऐकतो. आणि वाचतो म्हणजे काय करतो? ओवीला चाल लावून म्हणतो. ते पुस्तकवाचन म्हणावे की गाणे? कीर्तनकार उभा राहतो. तो अभंग गातो, त्याचा अर्थ सांगतो, गोष्ट सांगतो, पुन्हा गातो. ज्या गावात एकालाही वाचता येत नव्हते, त्या गावाला कीर्तनकाराने शेकडो वर्षे पुस्तके वाचून दाखवली. तुकारामबुवांचे अभंग आधी तोंडातून निघाले. मग संताजी जगनाडे यांच्यासारख्यांनी ते वहीत उतरवले. म्हणून आज ते आपल्यापाशी आहेत. गाणे वहीत गेले, वहीतून पुन्हा गळ्यात आले. तेव्हा वाचनालयात तंबोरा लागला, तर ते काही नवल नव्हे.

आपल्या जवळचे मोठे वाचनालय म्हणजे कल्याणचे सार्वजनिक वाचनालय. ते १८६४ साली निघाले. कल्याणला आगगाडी आली १८५४ साली. म्हणजे गाडीच्या मागोमाग दहा वर्षांत पुस्तके आली. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचे. ते उभे करण्यात विनायक लक्ष्मण भावे यांचा मोठा हात होता. हे गृहस्थ मिठाच्या व्यवसायातले. त्यांनी जुन्या मराठी कवींचा इतिहास लिहिला, 'महाराष्ट्र सारस्वत' त्याचे नाव. मिठाचा हिशेब सांभाळणारा माणूस पोथ्या गोळा करीत हिंडला. त्यामुळे कोणी म्हणेल की पुस्तके ही फक्त नोकरदारांची, तर ते खरे नाही.

घाटावर जाऊ. शहापूरहून नाशिकला एसटी कसारा घाट चढून जाते. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० सालचे आहे. तेव्हा इंग्रजांचे राज्य होते, आगगाडीचा पत्ता नव्हता. या वाचनालयाचे स्वतःचे नाट्यगृह आहे. परशुराम साईखेडकर नाट्यगृह असे त्याचे नाव. पुस्तकांच्या संस्थेने नाटकाला आणि गाण्याला हक्काची जागा करून दिली. कवी कुसुमाग्रज नाशिकचेच, आणि या वाचनालयाचे ते अध्यक्षही होते.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. महाराष्ट्रात १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. त्या कायद्याने मान्य झालेल्या वाचनालयांना सरकारकडून अनुदान मिळते. मोठ्यांना जास्त, लहानांना कमी. त्यासाठी त्यांचे अ, ब, क, ड असे वर्ग केले आहेत. अनुदान म्हणजे सरकारी मदत. सरकारी मदत म्हणजे तुमच्याआमच्या करातले पैसे. तुम्ही काडेपेटी घेतली तरी कर भरता. आपल्या शहापूर तालुक्यातल्या भातसा आणि तानसा धरणांचे पाणी मुंबईचे लोक पितात. ते पाणी पिताना ते काही लाजत नाहीत. मग त्यांच्याकडच्या खुर्चीवर बसताना आपण का लाजावे?

लाज वाटते हे मात्र खरे. ते आम्ही लपवीत नाही. एकदा एका शहरात आम्ही पाच जण गाणे ऐकायला गेलो. दोघांच्या पायांत चपला नव्हत्या, एकाच्या डोक्याला टॉवेल होता. दारातल्या माणसाने आम्हांला विचारले, "खुर्च्या लावायला आलात का? मागच्या दाराने या." शहराचे नाव आम्ही सांगत नाही. आम्ही म्हणालो, "ऐकायला आलो. फलकावर सर्वांसाठी खुला असे लिहिले आहे." तो ओशाळला आणि बाजूला झाला. भांडण झाले नाही. पण फलक वाचलेला नसता, तर आम्ही मागच्या दाराने गेलो असतो आणि मुकाट्याने खुर्च्याही लावल्या असत्या.

पूर्वी तर दार याहून घट्ट होते. मोठे गवई राजेरजवाड्यांच्या पदरी असत. गाणे दरबारात होई, किंवा सावकाराच्या दिवाणखान्यात. हे दार ज्यांनी उघडले, त्यांत विष्णु दिगंबर पलुस्कर यांचे नाव पहिले घ्यावे लागते. ते १८७२ साली कुरुंदवाडला जन्मले. लहानपणी दारूकामाने त्यांचे डोळे अधू झाले. शाळा सुटली. मग मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे ते गाणे शिकले. पुढे ते संस्थानची ऊब सोडून गावोगाव हिंडले. सर्वांसमोर, तिकीट लावून त्यांनी गाणी केली. तिकीट म्हटले की आपल्याला ते दार बंद करणारे वाटते. पण त्या काळी उलट झाले. ज्याला दरबारात पाय ठेवता आला नसता, तो आणा-दोन आणे देऊन मानाने बसू लागला. १९०१ साली त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. तिथे राजाच्या मर्जीवाचून कोणालाही गाणे शिकता येऊ लागले.

दुसरे नाव विष्णु नारायण भातखंडे यांचे. हे मुंबईचे, पेशाने वकील. त्यांचा जन्म १८६० सालचा. त्यांच्या काळी गवई आपली चीज सहसा दुसऱ्याला देत नसत. चीज म्हणजे गाण्याचे बांधलेले बोल आणि त्यांची चाल. गवई मेला की चीजही त्याच्याबरोबर जाई. भातखंडे देशभर हिंडले. उस्तादांना विनवून त्यांनी शेकडो चिजा मिळवल्या आणि सहा भागांच्या पुस्तकांत छापून टाकल्या. मूळ पुस्तके मराठीत आहेत.

पण चाल कागदावर लिहायची कशी? हे तुम्हां नव्या वाचकांना गमतीचे वाटेल. सा रे ग म प ध नी, ही सात अक्षरे तुम्हांला येतातच. तेच सात स्वर. अक्षराखाली टिंब दिले की स्वर खालच्या पट्टीतला. अक्षरावर टिंब दिले की वरच्या पट्टीतला. अक्षराखाली आडवी रेघ ओढली की तो स्वर थोडा उतरलेला, म्हणजे कोमल. मध्यम चढा असेल, तर म वर उभी रेघ. झाले. एवढ्या खुणांनी गाणे कागदावर बसते. ज्याला आपण आपली बाराखडी म्हणतो, तिच्यातच त्यांनी गाण्याची बाराखडी बसवली. ही पुस्तके मोठ्या वाचनालयांत पाहायला मिळतात. पेटी वाजवणाऱ्याने ती मागून पाहावीत.

कल्याणला १९२६ सालापासून गायन समाज आहे. ती संस्था वाचनालयाची नव्हे, वेगळी आहे, पण आहे गावातच. आपल्या तालुक्यांतून कल्याणला जाणाऱ्या माणसाला गाणे ऐकायची जागा शंभर वर्षांपासून आहे, हे सांगायचे म्हणून सांगितले.

आता आत गेल्यावर काय घडते, ते सांगतो. नाहीतर पहिल्या दिवशी माणूस कंटाळून उठतो, आणि मग पुन्हा जात नाही.

पहिली गोष्ट, कार्यक्रम वेळेवर सुरू होत नाही. फलकावर सहा असतात. सहाला दिवा लावतात. मग स्वागत, मग पाहुण्यांची ओळख, मग सत्कार, मग पाहुण्यांचे भाषण. पाहुणे म्हणतात, मी फार वेळ घेणार नाही. ते ऐकले की पाय पसरून बसावे. आम्ही चाळीस वर्षे शाळेत होतो. आम्हीही अशी भाषणे केली आहेत. त्याची आता शरम वाटते.

मग गवई बसतात. मागे तंबोरे लागतात. तंबोऱ्याला चार तारा. त्या एकामागून एक छेडत राहायच्या. त्यात गाणे नसते, नुसता सूर असतो. तो भरून राहिला पाहिजे, विहिरीत पाणी भरावे तसा. तबलजी हातोडीने तबल्याच्या कडा ठोकतो. बिघडले म्हणून नव्हे. तबल्याचा आवाज तंबोऱ्याशी जुळवीत असतो. आपल्या भजनात पखवाजाला कणीक लावतात, त्यातलाच प्रकार. याला पाच-दहा मिनिटे लागतात.

नंतर गवई एकच अक्षर धरून बराच वेळ घोळवतो. त्याला आलाप म्हणतात. शेतात नांगर धरण्याआधी शेतकरी बांधावर उभा राहून सगळे शेत डोळ्यांखालून घालतो ना? तसा तो राग डोळ्यांखालून घालतो. राग म्हणजे संताप नव्हे. ठराविक स्वरांची ठराविक वाट, तिला राग म्हणतात. या वेळी शब्द समजत नाहीत. समजायची खटपट करू नये.

मग ठेका धरतात. इथे आपला माणूस जागा होतो, कारण ठेका आपल्याला जन्मापासून येतो. बहुतेक वेळा ताल तीनताल असतो. त्याच्या सोळा मात्रा. घरी बसून मोजून पाहा. चार चारचे चार भाग करा. एकला टाळी, पाचला टाळी, नवाला टाळी नाही, नुसता हात बाजूला, आणि तेराला पुन्हा टाळी. सोळा झाले की परत एक. तो जो एक, त्याला सम म्हणतात. गवई कुठेही हिंडो, वर जावो, खाली जावो, शेवटी बरोबर समेवर येतो. आणि तो आला की सगळ्या सभागृहाच्या माना एकदम हलतात. त्यांना कोणी सांगितलेले नसते. तुमचीही हलेल. आमच्या गावातले एक भजनी पहिल्याच वेळी आले. राग कोणता, चीज कोणती, काही कळले नाही. पण समेवर त्यांची मान शेजारच्या धोतरवाल्या जाणकाराच्या आधी हलली. त्या जाणकाराने वळून पाहिले आणि हात जोडले. आम्ही ते पाहिले आहे.

शेवटी भैरवी गातात. भैरवी सुरू झाली की समजावे, आता आणखी गाणे नाही. चपला शोधायला तेव्हा उठू नये. निदान भैरवी तरी बसून ऐकावी. मधल्या काळात खिशातला फोन बंद ठेवावा. हल्ली लोक फोन वर धरून सगळे गाणे टिपून घेतात. टिपलेले पुन्हा कोण ऐकतो, देव जाणे. पण मागे बसलेल्याला गवई दिसत नाही, एवढे खरे.

वाचनालयात रागदारीच असते असे नाही. भावगीते असतात, नाट्यगीते असतात. कविसंमेलन असते. तिथे कवी आपल्या कविता स्वतः म्हणतात. अभिवाचन असते. अभिवाचन म्हणजे दोघातिघांनी बसून एखादी कथा किंवा नाटक रंगवून वाचायचे. आमच्या मते नव्याने वाचायला शिकलेल्याने सगळ्यांत आधी अभिवाचनाला जावे. आपण ज्या ओळी अडखळत वाचतो, त्या ओळी नीट वाचल्या तर कशा उभ्या राहतात, ते तिथे ऐकू येते. चित्रांची प्रदर्शनेही असतात. वारली चित्रे आता तिथे भिंतीवर काचेच्या चौकटीत लागतात. डहाणूकडचे जिव्या सोमा मशे यांना त्या चित्रांसाठी २०११ साली पद्मश्री मिळाली. तांदळाच्या पिठाने कुडाच्या भिंतीवर काढायचे चित्र ते. शहराने ते चौकटीत घातले, पण काढले आपल्या माणसाने.

जाण्यायेण्याचे सांगतो. शहापूरकरांना आसनगावहून लोकल आहे, वासिंद, खडवलीवरून कल्याण. मुरबाडकरांना रेल्वे नाही, एसटीच. अडचण जाण्याची नाही, येण्याची आहे. गाणे रंगात येते आणि शेवटची गाडी सुटते. म्हणून कल्याणला उतरल्याबरोबर परतीच्या शेवटच्या दोन गाड्यांच्या वेळा विचाराव्या आणि कागदावर लिहून घ्याव्या. वेळा बदलतात, मागच्या वेळच्या पाठांतरावर जाऊ नये. बायकांनी चौघी-पाच जणी मिळून जावे, आणि सकाळचा किंवा दुपारचा कार्यक्रम निवडावा. तसेही कार्यक्रम असतात. कोणता कधी आहे, हे कळण्यासाठी वाचनालयाला पत्र टाकावे. पत्रात फार लिहू नये. "आम्ही अमुक गावच्या साक्षरता वर्गाचे दहा जण आहोत. पुढील महिन्यात आपल्याकडे सर्वांसाठी खुले असे कोणते कार्यक्रम आहेत, ते कृपया कळवावे." खाली नाव, गाव, तालुका, फोन. असे पत्र तुमच्यापैकी प्रत्येकाला आता लिहिता येते.

आता आमचे एक गाऱ्हाणे. वाचनालयातले गाणे ऐकायला आपण शहरात जातो, ते चांगलेच. पण आपल्या गावात काय आहे, ते कोण ऐकतो? पौष पौर्णिमेला म्हशाची जत्रा भरते. खांबलिंगेश्वराचे दर्शन, बैलांचा बाजार, घोंगड्या आणि तमाशाचे फड. तिथे गाणे ऐकायला आपण पैसे मोजतो. आणि घरात आजी जात्यावरच्या ओव्या जाणते, तिला आपण विचारत नाही. जाते गेले, गिरणी आली. ओवी म्हणायला निमित्तच उरले नाही. पुण्याकडे हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हिन या दोघांनी गावोगावच्या बायकांकडून अशा ओव्या गोळा केल्या. एक लाखाच्या वर भरल्या. भातखंड्यांनी उस्तादांच्या चिजा वाचवल्या, या दोघांनी आयाबायांच्या.

हे काम आपल्या वाचनालयालाही करता येईल. आपल्या गावचे वाचनालय म्हणजे एक खोली, दोन कपाटे आणि सतरंजी. पण गाण्याला सभागृह लागतेच असे नाही. महिन्यातून एक संध्याकाळ ठरवावी. एकदा भजन, एकदा भारूड, एकदा ओव्या. दाराशी फलक लावावा, आणि त्यावर 'विनामूल्य' नको, 'फुकट' असे लिहावे. ठाकरवाडीच्या, कातकरवाडीच्या लोकांनाही बोलवावे, पण एक पथ्य पाळावे. त्यांचे नाच त्यांच्या देवाचे आणि हंगामाचे असतात. पाहुणे आले म्हणून कधीही नाचा, असे म्हणू नये. त्यांना आधी विचारावे, त्यांचा दिवस त्यांनी सांगावा, आणि शहरच्या गवयाला देतो तसे मानधन पाकिटात घालून द्यावे. एक नारळ देऊन वाटेला लावू नये.

गेल्या हिवाळ्यात आमच्या वर्गातले अकरा जण आम्ही कल्याणला गाण्याला नेले. त्यात एक आजी होत्या, सत्तरीच्या पुढच्या. त्या वर्गात सगळ्यांत मागे बसतात आणि जोडाक्षराला अडतात. दाराशी फलक होता. आम्ही मुद्दाम गप्प राहिलो. आजींनी फलकावर बोट ठेवले. "प्र... वे... श. प्रवेश." पुढे थांबल्या. "वि... ना... मू..." मागे माणसे खोळंबली. कोणी पुढे घुसले नाही. "मूल्य. विनामूल्य." त्यांनी मागे वळून आम्हांला विचारले, "गुरुजी, म्हंजी फुकट ना वो?" आम्हांला लगेच बोलता आले नाही. आम्ही मान हलवली. त्या पदर सावरून आत गेल्या आणि राखीव रांगेमागच्या पहिल्या खुर्चीवर बसल्या.

परतीच्या लोकलमध्ये गर्दी ओसरली, तेव्हा त्या गुणगुणू लागल्या. गवयाचे गाणे नव्हे, त्यांचेच. त्यांच्या आईच्या जात्यावरचे. खडवलीला आमच्या वर्गातल्या एका मुलीने पिशवीतून वही काढली. आजी एक ओळ म्हणत, मुलगी लिही, आजी पुन्हा म्हणत. आसनगाव येईपर्यंत सात ओव्या झाल्या. फलाटावर उतरल्यावर आजी म्हणाल्या, "अजून लई हायेत." त्यानंतर दर शनिवारी त्या दोघी बसतात. वहीत आता बेचाळीस ओव्या आहेत. वही वाचनालयाच्या डाव्या कपाटात खालच्या फळीवर ठेवली आहे. कपाटाला कुलूप नाही.